झाकण

बाबा : पुन्हा उचल. बशीला हात लावायचा नाही, फक्त झाकणाची मूठ धरायची.

मुलगी : बाबा, मी ती खेळायला नाही आणलेली.

बाबा : उचल गं. मला धड दिसत नाही म्हणून विचारतोय. आली का बशी सोबत?

मुलगी : आली. झाकणाला धरून अख्खी बशी वर आली.

बाबा : बघ. तीन वर्षं ओव्हनमध्ये भाजून निघाली, तरी पकड सुटलेली नाही. कुरुंदाची पूड घालून एकेक काचेचं झाकण दोन-दोन दिवस घासलंय मी. सहा बशा, बारा दिवस. नोकरीचा शेवटचा महिना त्यातच गेला. स्टोअरवाला म्हणायचा, मिस्त्री, आता जाता जाता कशाला एवढी मरमर? मी म्हटलं, पोरगी इथेच संशोधनाला येतेय, तिला काय बाजारातलं भांडं देऊ?

मुलगी : त्याबद्दलच बोलायला आलेय.

बाबा : का, तडा गेला? आण इकडे. डोळ्यांना नाही दिसला तरी नखाला कळतो.

मुलगी : तडा नाही गेला.

बाबा : मग कडेने हवा जात असेल. देतो घासून. हात थरथरतात हल्ली, पण घासायच्या कामाला थरथरता हात उलट बरा.

मुलगी : हवा जात नाही, बाबा. जरासुद्धा जात नाही. तीच अडचण आहे.

बाबा : झाकणातून हवा जात नाही ही अडचण? उद्या म्हणशील, पाणी ओलं आहे.

मुलगी : तुमचा चहा झाला असेल तर कप बाजूला ठेवा आणि नीट ऐका. चार वाजता सर येणार आहेत. त्याआधी तुम्हाला माझ्याकडून कळायला हवं.

बाबा : सर आपल्या घरी? तुझी आई गेली तेव्हा आले होते, त्यानंतर फिरकले नाहीत. काय झालंय?

मुलगी : माझं ते वीज वाहणारं प्लॅस्टिक तुम्ही पाहिलंय ना? हिरव्या पापुद्र्यासारखं?

बाबा : पाहिलंय. तू सोनं सोनं करत होतीस, मला शेवाळ वाटलं.

मुलगी : ते मुळात निळं असतं आणि त्यातून वीज जवळजवळ जातच नाही. त्यात ॲसिड मुरवलं की हिरवं होतं आणि वीज वाहायला लागते. सगळी करामत त्या ॲसिडची. पण ते काही तिथे कायमचं घर करून बसत नाही. तापवलं की हळूहळू उडून जातं.

बाबा : आणि प्लॅस्टिक पुन्हा निळं.

मुलगी : पुन्हा निळं, पुन्हा निरुपयोगी. म्हणून या कामात पहिला प्रश्न हाच असतो, उष्णतेत किती टिकतं? मी दाखवलं की नव्वद अंशांवर हजार तास टिकतं. रंग तोच, वीज तेवढीच, वजन मिलिग्रॅमनेही कमी नाही. माझ्या थिसिसचं चौथं प्रकरण म्हणजे तेवढंच. सर दोन परिषदांत त्यावर बोलले.

बाबा : माहितीये. हजार तास झाले त्या दिवशी तू चपला घालूनच घरात आली होतीस.

मुलगी : ते खोटं आहे, बाबा.

बाबा : आकडे फिरवलेस?

मुलगी : नाही हो. आकडा एकूण एक खरा आहे. पण बशीवर झाकण होतं.

बाबा : मग?

मुलगी : तुम्ही चहावर झाकणी ठेवता तेव्हा काय होतं?

बाबा : वाफ झाकणीला लागते. पाणी होऊन परत कपात पडतं.

मुलगी : तसंच झालं. ओव्हनमध्ये ॲसिड उडत होतं, पण त्याला बाहेर जायला वाट नव्हती. ओव्हन बंद केला की बशी निवायची, आणि निवता निवता ते गुपचूप प्लॅस्टिकमध्ये परत जाऊन बसायचं. मी झाकण उघडायचे तेव्हा सगळं जिथल्या तिथे. वजनसुद्धा मी झाकणासकट करत होते, मग कमी कसं होणार? बाजारातल्या बशीचं झाकण सैल असतं. तिच्यात ठेवलं असतं तर पहिल्या आठवड्यातच निळं पडलं असतं आणि मला शहाणपण आलं असतं.

बाबा : म्हणजे माझ्या झाकणाने घात केला.

मुलगी : तुमचं झाकण उत्तम आहे.

बाबा : असं तोंड पाडून कुणी उत्तम म्हणतं का? बरं, हे तुला कळलं कसं?

मुलगी : बर्फाच्या कारखान्यातून फोन आला. तिथे कॉम्प्रेसरच्या खोलीत या प्लॅस्टिकची आमची एक पट्टी चाचणी म्हणून बसवलीय. अमोनिया गळला की तो पट्टीतलं ॲसिड ओढून घेतो, वीज थांबते आणि घंटी वाजते. ती नेमकी गरम पाइपाच्या वर आहे, कारण गळती तिथल्याच झडपेतून होते. दोन आठवड्यांपूर्वी तिथले कॉम्प्रेसरवाले काका म्हणाले, ताई, तुमची घंटी उगाचच वाजते. माणसं तोंडाला फडकी बांधून बाहेर पळाली, आणि गॅसचा वाससुद्धा नव्हता. असं तीनदा झालं.

बाबा : ॲसिड उष्णतेनेच उडालं होतं.

मुलगी : हो. ॲसिड अमोनियाने नेलं की उष्णतेने, पट्टीला काय कळतंय? मग मी ओव्हनमध्ये दोन बशा शेजारी शेजारी ठेवल्या. एक झाकून, एक उघडी. उघडीतली चौथ्या दिवशी निळी पडली. परवा शुक्रवारी मी कारखान्यात गेले, तर घंटी एकदम गप्प. शिडीवर चढून पाहिलं. तिच्यात चिंधीचा बोळा कोंबला होता.

बाबा : कुणी?

मुलगी : काकांनीच. मला म्हणाले, तुमची घंटी खोटारडी आहे ताई, आम्हाला काम करू द्या. आणि पट्टी बसवल्यापासून, दर तासाला झडपेपाशी जाऊन तपासायची त्यांची जुनी पद्धतही बंद झालीय. अकरा माणसं आहेत त्या पाळीत.

बाबा : मग तू त्यांना काय सांगितलंस?

मुलगी : काही नाही.

बाबा : काही नाही म्हणजे?

मुलगी : बाहेर येऊन सरांना फोन केला. ते म्हणाले, आधी शब्द ठरवू, बुधवारी समितीपुढे ठेवू आणि मग कारखान्याला कळवू. आणखी पंचवीस ठिकाणी पट्ट्या बसवायचं चाललंय, त्यात घबराट नको.

बाबा : आज रविवार आहे.

मुलगी : दोन रात्री झोपले नाही मी.

बाबा : तू झोपली नाहीस त्याचा त्यांना काय उपयोग? फोन कुठे आहे तुझा?

मुलगी : सर येऊ देत ना. तासाभराचा तर प्रश्न आहे.

बाबा : मी चौतीस वर्षं गॅसच्या ज्योतीसमोर बसून काच फुंकलीय. गॅस समितीची वाट बघत नसतो. लाव फोन. मी इथेच बसलोय.

मुलगी : हॅलो, काका, मी बोलतेय. पट्टीवाली. हो, सुट्टीच्या दिवशी त्रास देतेय. तुम्ही आत आहात की बाहेर? बरं, बाहेरच थांबा आणि ऐका. ती पट्टी मेलेली आहे. नाही, घंटी खोटारडी नव्हती, तिला निरोपच चुकीचा मिळत होता. चिंधी काढलीत तरी आता उपयोग नाही. घंटी नाहीच असं धरून चाला. पूर्वीसारखं दर तासाला तपासा. आत एकट्याने कुणी जायचं नाही. गॅसचे मुखवटे कपाटात नकोत, दाराबाहेर खुंटीवर. उद्या सकाळी मी दुसऱ्या प्रकारचं यंत्र घेऊन येते, तुमच्यासमोर बसवते. काय? चूक माझी, काका. प्रयोग करताना मी एक झाकण ठेवलं, ते ठेवायचं नव्हतं. हो. हो, तेवढंच. नाही, तुम्ही असं म्हणू नका. ठेवते.

बाबा : काय म्हणाले?

मुलगी : म्हणाले, एका झाकणाने एवढं होतं? मग म्हणाले, सांगितलंत ते बरं झालं, चिंधी कोंबल्यापासून मलाही चैन नव्हती.

बाबा : पाणी पी. आता एक विचारतो, खरं सांग. झाकण ठेवायचं असतं का मुळात? तुमच्या पुस्तकात काय लिहिलंय?

मुलगी : उघडी बशी आणि वर खेळती हवा.

बाबा : मग तू का ठेवलंस?

मुलगी : तुम्ही त्या सहा बशा जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून दिल्या होत्या. प्रत्येकीच्या बुडाशी नंबर कोरला होता आणि तोच नंबर झाकणावर. बशा तेवढ्या घ्यायच्या आणि झाकणं खणात टाकायची, हे माझ्याने होईना. पहिल्या दिवशी मी स्वतःला सांगितलं की धूळ पडू नये म्हणून ठेवतेय. मग तेच चालू राहिलं. धूळबीळ काही नव्हती, बाबा. तुमच्या हातची होती म्हणून ठेवली.

बाबा : वेडी आहेस.

मुलगी : आहे.

बाबा : दार वाजलं बघ. त्यांना त्या खुर्चीत नको बसवू, पाय डुगडुगतोय तिचा. इथे माझ्यासमोर बसव.

सर : बसतो, बसतो. उठू नका मिस्त्री. डोळ्यांचं काय म्हणतात डॉक्टर?

बाबा : ज्योतीकडे बघून बघून गेले म्हणतात. चाललंय. माणूस ओळखू येतो, त्याचा चेहरा दिसत नाही. तुमची बोटं कशी आहेत?

सर : आहेत तशीच. थंडीत ठणकतात. हिने तुम्हाला सांगितलं वाटतं सगळं.

मुलगी : सांगितलं. सर, मी कारखान्यालाही आत्ताच फोन केला.

सर : आपलं काय ठरलं होतं?

मुलगी : तिथे घंटीत चिंधी आहे, सर.

सर : ते मला कळतं. मी काही राक्षस नाही. पण तू त्यांना नेमकं काय सांगितलंस? शब्दन् शब्द सांग.

मुलगी : पट्टी मेलेली आहे. चूक माझी. मी झाकण ठेवलं.

सर : झाकण ठेवलं, असं म्हणालीस?

मुलगी : हो.

सर : घाई केलीस. असो, तोंडी बोलणं होतं. मी पत्राचा मसुदा आणलाय, मिस्त्रींसमोरच वाचतो, त्यांच्यापासून लपवण्यासारखं त्यात काही नाही. “प्रकरण चारमधील उष्णता-चाचण्यांसाठी वापरलेली काचपात्रे सदोष असल्याचे आढळल्याने त्या चाचण्यांचे निष्कर्ष मागे घेण्यात येत आहेत.” बाकी तारखा वगैरे.

मुलगी : सदोष?

सर : आधी ऐकून घे, मग रागाव. उपकरणात दोष होता म्हटलं की नियमाप्रमाणे तुला सहा महिन्यांची मुदतवाढ मिळते. थिसिस जागेवर राहतो, चौथं प्रकरण तेवढं नव्याने करायचं. पद्धतीत चूक होती म्हटलं की थिसिस परत येतो. वर्ष जाईल, दीड जाईल. मी जूनमध्ये निवृत्त होतोय. तुला नवा मार्गदर्शक लागेल, आणि ज्या विद्यार्थिनीने स्वतःचाच निष्कर्ष मागे घेतलाय तिला कोण घेतो ते मला माहीत आहे. एका शब्दाचा प्रश्न आहे. निष्कर्ष दोन्हीकडे मागे घेतोच आहोत.

मुलगी : पण बशा सदोष नव्हत्या. सगळ्या खोलीत तेवढीच एक वस्तू बरोबर होती.

सर : काचेला वाईट वाटत नाही. आणि मिस्त्री आता नोकरीत नाहीत, त्यांच्यावर काही येणार नाही. बरोबर ना, मिस्त्री?

मुलगी : तुम्ही त्यांना काय विचारताय?

बाबा : थांब तू. सर, तो शब्द लिहिला की हिची डिग्री वाचते?

सर : वाचते.

बाबा : नक्की?

सर : नक्की.

बाबा : मग लिहा.

मुलगी : बाबा.

बाबा : लिहा, सर. माझं काय जातंय? मिस्त्रीच्या काचेत दोष निघाला, एवढंच ना. करा सही. पेन नाही का? टेबलावर असेल एखादं.

मुलगी : माझ्यासाठी असलं काही करायचं नाही तुम्ही. सर, मला ही डिग्री अशी नको आहे.

बाबा : तुला काय हवं ते नंतर बघू. तुम्ही करा हो सही. काय झालं? पेन चालत नाही?

सर : पेन चालतंय.

बाबा : मग?

सर : तुम्ही तेव्हाही असंच म्हणाला होतात, मिस्त्री. लिहा सर, माझं काय जातंय. ह्याच आवाजात.

बाबा : ते राहू द्या आता.

मुलगी : तेव्हा म्हणजे कधी?

बाबा : काही नाही, जुनं काहीतरी.

सर : सव्वीस वर्षं झाली. तू दोनेक वर्षांची असशील. मी नवा होतो, कायम व्हायला दोन महिने राहिले होते. एक चंबू तापत ठेवला आणि त्याचं बूच सैल करायला विसरलो. बंद चंबू आणि खाली ज्योत. माझी ही दोन बोटं तेव्हापासून वळत नाहीत.

मुलगी : पण तो चंबूच खराब होता ना? पहिल्या वर्षाला सुरक्षेच्या तासाला तुम्हीच सांगता. काच नेहमी तपासून घ्या, मला सदोष काच मिळाली होती, असं.

सर : सांगतो. दरवर्षी सांगतो. चंबू तुझ्या बाबांनी केलेला होता आणि त्यात काहीही दोष नव्हता. चौकशी झाली तेव्हा मी दवाखान्यात होतो. हे भेटायला आले. म्हणाले, बूच लावून तापवलं म्हणालात तर घरी बसाल, काच खराब होती म्हणा. माझी नोकरी पक्की आहे, मला कोण काढतंय? मी उजव्या हाताने लिहून दिलं. सदोष काचपात्र.

बाबा : तुमच्या घरी पहिलं मूल यायचं होतं. मी काही फार मोठं केलं नाही.

मुलगी : आणि मग काय झालं, बाबा?

बाबा : काय व्हायचंय? नोकरी गेली नाही, बघतेस ना.

सर : हेड मिस्त्रीची जागा त्यांची होती, ती दुसऱ्याला दिली. दोन वर्षं यांचं प्रत्येक भांडं त्या दुसऱ्या मिस्त्रीने तपासल्याशिवाय खोलीबाहेर जात नव्हतं. आणि त्याला यांनीच शिकवलं होतं.

बाबा : तो चांगला माणूस होता. भांडं उजेडात धरायचा आणि मान खाली घालून परत द्यायचा. त्याला लाज वाटायची. तेव्हापासून मला खोडच लागली. ठरवलं, आता असं घासायचं की कुणाला बोट ठेवायला जागा मिळता कामा नये. बाजारातल्या झाकणाला चालते तेवढी फटसुद्धा मी ठेवायचो नाही.

मुलगी : म्हणून झाकणाला धरून बशी वर येते.

बाबा : म्हणून येते.

मुलगी : आईला माहीत होतं?

बाबा : नाही.

मुलगी : तिलाही नाही सांगितलंत?

बाबा : एकाला सांगितलं की गोष्ट दोघांची होते. ती विचारायची अधूनमधून. जेवायला वाढताना वगैरे. खरं सांगा, तो चंबू तुमच्याच हातून बिघडला होता का? मी म्हणायचो, हो, माझ्याच. ती म्हणायची, असू दे, होतं एखाद्या वेळी. समजूत काढायची माझी. त्याचं तेवढं वाईट वाटतं. बाकी कशाचं नाही.

सर : मला ठाऊक नव्हतं, मिस्त्री. त्यांना तुम्ही सांगितलं असेल असंच मी धरून चाललो होतो.

बाबा : तुम्हाला कसं ठाऊक असणार?

सर : आणि आज मी तोच शब्द घेऊन तुमच्याच घरी आलो. रिक्षात बसून दोनदा वाचलं हे पत्र. दोन्ही वेळा तो शब्द मला खटकला नाही. सव्वीस वर्षं सांगत आलोय ना, जिभेला सवय झाली.

मुलगी : पत्र द्या इकडे, सर.

बाबा : पोरी, दीड वर्ष जाईल. विचार कर. माझ्यासाठी वाकडं वळण घेऊ नकोस.

मुलगी : तुमच्यासाठी नाही. उद्या सकाळी मला त्या काकांसमोर शिडीवर चढायचंय. त्यांना मी सांगितलंय की चूक माझी आहे. बुधवारी कागदावर दुसरंच लिहिलं तर त्यांनी माझी पुढची घंटी का ऐकावी? हं, हे लिहिलंय, ऐका. “काचपात्रे निर्दोष होती. पद्धतीत उघडे पात्र सांगितले असताना झाकण मी ठेवले. तापवल्यावर बाहेर पडलेले ॲसिड झाकणाखालीच राहिले व निवताना पुन्हा नमुन्यात गेले. ही पट्टी उष्ण जागी वापरण्यास योग्य नाही.”

सर : त्याखाली आणखी एक ओळ घे. “मार्गदर्शक या नात्याने मी तीन वर्षे आकडे तपासले, बशी एकदाही पाहिली नाही.”

मुलगी : हे लिहायलाच हवं असं नाही, सर.

सर : लिही. सही मी त्या ओळीखाली करणार आहे. आणि जून यायच्या आत तुझ्यासाठी दोघातिघांशी बोलतो. कुणी तयार झालं नाही तर निवृत्त माणसाला सहमार्गदर्शक होता येतं, अर्ज करावा लागतो. तो करीन.

मुलगी : मोठ्या रेणूचं ॲसिड मुरवून पाहायचंय मला. ते इतक्या सहज उडत नाही म्हणतात.

सर : म्हणतात. आपण उघड्या बशीत बघू. मिस्त्री, त्या चौकशीच्या अहवालाची एक प्रत माझ्याकडे आहे. का ठेवली ते मला सांगता येणार नाही. उद्या तिच्याखाली खरं काय ते लिहून सही करून देतो.

बाबा : आता कुणाला देणार? तेव्हाचे साहेब गेले, तो मिस्त्री गेला.

सर : तुम्हाला देतो.

बाबा : मला माहीतच आहे, सर. हिला द्या. आईच्या पेटीत ठेवील ती. आणि ते सुरक्षेच्या तासाचं तेवढं बदला.

सर : या वर्षीचा तास अजून व्हायचाय. बुचाचं सांगेन.

बाबा : झालं तर मग. बशी कुठे आहे? मघाची?

मुलगी : तुमच्या उजव्या हाताशी. मी आता झाकणं काढूनच वापरणार आहे, बाबा. खणात ठेवीन, फडक्यात गुंडाळून.

बाबा : उघडी बशी तीन-तीन आठवडे ओव्हनमध्ये राहिली तर त्यात खरंच कचरा पडेल. तू सांगितलेलं कारण खोटं होतं, पण कारण बरोबर आहे. माझी कानस आण. खिडकीखालच्या डब्यात, बारीक दातांची.

मुलगी : कशाला?

बाबा : काठाला खाच पाडतो. एक इकडे, एक समोर. हवा खेळती राहील, ॲसिडला जायला वाट होईल आणि कचरा वरच्या वर.

मुलगी : नको, बाबा. हे शेवटचं काम आहे तुमचं.

बाबा : म्हणूनच ते बरोबर करायला हवं. ये, तू झाकण धर, घट्ट. माझा हात हलतो. सर, त्या भांड्यातलं पाणी थेंब थेंब सोडत राहा, कोरडी काच कानशीखाली तडकते.

सर : माझी दोन बोटं वळत नाहीत, मिस्त्री.

बाबा : पाणी सोडायला तीन पुरतात. सोडा.

(कानशीचा आवाज. बराच वेळ चालतो.)

मुलगी : दुसरीही झाली, बाबा. खोल झाल्यात दोन्ही.

बाबा : नख फिरवू दे. हं. पूस आता, कोरडं कर आणि बशीवर ठेव. नीट बसलं?

मुलगी : बसलं.

बाबा : आता उचल. बशीला हात लावायचा नाही.

मुलगी : उचललं.

बाबा : आणि बशी?

मुलगी : टेबलावरच आहे, बाबा.